इलेव्हन प्लसच्या आधी दुसरी शाळा पाहून या

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही मूळचे साताऱ्याचे, काही वर्षांपासून बकिंगहॅमशरमध्ये एल्सबरीला राहतो. मुलगा इथल्याच सरकारी प्रायमरीत इयर फाइव्हमध्ये आहे. ऑगस्टचा जन्म, त्यामुळे वर्गात सगळ्यांत लहान. इथल्या शाळेबद्दल माझा जीव कधी थाऱ्यावर आलाच नाही. नंबर नाही, मार्क नाहीत, गृहपाठ म्हणजे आठवड्याला एक कागद. पेरेंट्स इव्हिनिंगला दहा मिनिटं मिळतात, त्यात बाई हसून सांगतात की गोड मुलगा आहे, सगळं छान चाललंय. सासूबाई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारतात, ‘कितवा आला?’ मी काय सांगू?

आता सप्टेंबरमध्ये इलेव्हन प्लस, म्हणजे निवडक मुलं घेणाऱ्या सरकारी ग्रामर शाळांची परीक्षा. आमच्या मराठी ग्रुपमधली बहुतेक मुलं इयर थ्रीपासून ट्यूटरकडे जातात. आम्हाला उशीर झाला म्हणे. ट्यूटर तासाला पन्नास पौंड मागतो, आणि वर सांगतो की आजपासून घरात फक्त इंग्रजी बोला. यांचं म्हणणं, ग्रामर नाही मिळालं तर प्रायव्हेटला घालू, तेही नाही जमलं तर सरळ साताऱ्याला परत. मला मात्र वाटतं, पोर अजून दहाचंही नाही. त्यातच मे महिन्यात माझ्या बहिणीचं लग्न आहे. दोन आठवडे जायचंय, तर शाळा दंड करते म्हणतात. काय करू?

— गोंधळलेली आई, एल्सबरी

उत्तर

आधी उशिराचं बोलू, कारण पत्रातल्या बाकीच्या काळज्या तिथूनच निघाल्यात. सप्टेंबरच्या परीक्षेसाठी आत्ता, जानेवारीत सुरुवात करणं याला उशीर म्हणत नाहीत. इयर थ्रीपासून क्लासला जाणारी मुलं मी जवळून पाहिली आहेत. काही वर्षं मी एका प्रायमरी शाळेत टीचिंग असिस्टंट होते, तेव्हा ती रोज समोर असायची. त्यातली काही क्वालिफाय झाली, काही झाली नाहीत, आणि जी झाली त्यातली बरीचशी क्लास न लावताही झाली असती. सात वर्षांच्या मुलाला ट्यूटरकडे धाडल्यावर खात्रीनं मिळतं ते आईवडिलांचं समाधान, की चला, आपण काहीतरी करतोय. तासाला पन्नास पौंड ही त्याची फार मोठी किंमत झाली.

पण तयारीचं बोलण्याआधी ही परीक्षा नक्की काय करते ते बघायला हवं. आपल्या पिढीला हुशार मुलांची परीक्षा म्हटलं की चौथीची आणि सातवीची स्कॉलरशिप आठवते. (मध्ये काही वर्षं ती पाचवीला आणि आठवीला होती.) शाळा सुटल्यावर जादा तास, बुद्धिमत्ता चाचणीची जाडजूड पुस्तकं, निकालाच्या दिवशी फळ्यावर नावं. मिळाली तर वर्षाला थोडे रुपये आणि आळीभर पेढे. नाही मिळाली तर एक संध्याकाळ तोंड पाडून बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच शाळेत, त्याच बाकावर. आपली माणसं इलेव्हन प्लसकडेही त्याच हौसेनं बघतात, आणि तिथेच फसतात. कारण इथे निकाल लागला की शाळाच बदलते. सात वर्षं एकत्र वाढलेल्या वर्गातली काही मुलं ग्रामरला जातात, बाकीची दुसरीकडे, आणि कोण कुठे चाललंय ते अख्ख्या वर्गाला माहीत असतं.

एके काळी साऱ्या इंग्लंडमध्ये हेच होतं. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घ्यायची, वरची मुलं ग्रामरला आणि उरलेली बहुतेक ‘सेकंडरी मॉडर्न’ नावाच्या साध्या शाळांत पाठवायची, अशी पद्धत बसली. १९६५ मध्ये सरकारनं परिपत्रक काढून काउन्सिलांना सांगितलं की हे बंद करा, सगळ्यांसाठी एकच कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा काढा. बहुतेकांनी पुढच्या काही वर्षांत ते केलं. ज्यांनी केलं नाही त्यात केंट, लिंकनशर आणि तुमचं बकिंगहॅमशर. १९९८ पासून तर नवी ग्रामर शाळा काढायला कायद्यानंच मनाई आहे. सबंध इंग्लंडमध्ये आता १६३ उरल्या आहेत, त्यातल्या १३ तुमच्याच जिल्ह्यात. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये एकही नाही. तुमच्यापासून गाडीनं तासाभराच्या आत असलेल्या मिल्टन कीन्समध्येही नाही. तिथूनही काही हौशी पालक मुलांना तुमच्या परीक्षेला आणून बसवतात, ते सोडा. बाकीची मुलं शेजारच्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये जातात, शिकतात, युनिव्हर्सिटीला जातात, आणि त्यांच्या आयांना व्हर्बल रीझनिंग, म्हणजे परीक्षेतले शब्दांवरचे तर्काचे प्रश्न, कशाशी खातात हे ठाऊकही नसतं.

माझं मत विचाराल तर दहा वर्षांच्या पोरांना अशी चाळणी लावणं मला पटत नाही. ग्रामर शाळांमध्ये फ्री स्कूल मील (गरीब घरच्या मुलांना शाळेत मिळणारं फुकट जेवण) घेणारी मुलं इतर शाळांपेक्षा कितीतरी कमी असतात, आणि गरिबाघरी हुशार पोरं जन्मत नाहीत असं तर नाही ना. पण माझ्या मताचा तुम्हाला काय उपयोग? घर तुमचं एल्सबरीत आहे, परीक्षा तुमच्या दारात आहे.

म्हणून पहिलं काम सांगते, आणि ते ट्यूटर शोधण्याच्याही आधी करा. ग्रामर मिळालं नाही तर तो ज्या शाळेत जाईल, ती शाळा पाहून या. तुमच्याकडे तिला अपर स्कूल म्हणतात. पत्रात तुम्ही ग्रामरबद्दल लिहिलंत, प्रायव्हेटबद्दल, साताऱ्याबद्दलसुद्धा. त्या शाळेचा एका शब्दानं उल्लेख नाही. बकिंगहॅमशरमधली बहुतेक मुलं अशाच शाळांत शिकतात, तरी तुमच्या हिशोबात ती नाहीच. तिच्याविषयी जे काही कानावर आलं असेल ते ग्रुपमधून आलं असणार, आणि सांगणाऱ्यांतल्या किती जणांनी त्या फाटकाच्या आत पाऊल टाकलंय, हे विचारून बघा.

ओपन इव्हिनिंगला तर जाच, पण त्यावर विसंबू नका. ओपन इव्हिनिंगला सगळ्या शाळा सारख्याच दिसतात: हसरी मुलं वाट दाखवायला उभी, सायन्सच्या लॅबमध्ये रंगीत ज्वाळा, हेड टीचरांचं भाषण. शाळेच्या ऑफिसला फोन करा आणि साध्या कामाच्या दिवशी सकाळी यायचंय म्हणून सांगा. बहुतेक शाळा हो म्हणतात. एक तास संपून दुसरा सुरू होण्याच्या मधल्या पाच मिनिटांत कॉरिडॉरमध्ये उभ्या राहा. मुलं कशी चालतात, शिक्षक दारात उभे असतात की नाही, कुणी कुणावर ओरडतंय का, यावरून जे कळतं ते कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं. मग विचारा: गणिताचे सेट, म्हणजे पातळीनुसार वेगळे वर्ग, कोणत्या वर्षापासून पाडता? तिन्ही सायन्स स्वतंत्र घेता येतात का, आणि किती मुलं घेतात? परदेशी भाषा कोणत्या? गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले? आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, की प्रायमरीतून वरच्या पातळीवर तुमच्याकडे आलेल्या मुलांना जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या बोर्डाच्या परीक्षेला, काय ग्रेड मिळतात? शाळेची सरासरी तुमच्या कामाची नाही, तुमच्या मुलासारख्या मुलांचं तिथे काय होतं ते कामाचं. हेड टीचरांनी याचं नीट, आकड्यांसकट उत्तर दिलं तर शाळा बरी चालली आहे असं समजा. ‘आमच्याकडे प्रत्येक मूल खास असतं’ असं काहीतरी ऐकायला मिळालं, तर परत विचारा.

फाटकाबाहेर ऑफस्टेडचा, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा, ‘आउटस्टँडिंग’ किंवा ‘गुड’ असा फलक लटकत असेल तर त्यावरची तारीख वाचा. असा एका शब्दाचा शेरा देणं सप्टेंबर २०२४ पासून बंद झालंय. तो फलक कधीकाळचा असेल, तेव्हाचे हेड टीचर आता तिथे असतीलच असं नाही.

हे सगळं परीक्षेच्या आधी का, तर निकाल ऑक्टोबरच्या मध्याला येतो आणि सेकंडरीचा अर्ज भरायची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर. मधल्या दोन आठवड्यांत, घरात रडारड चालू असताना बघितलेली कुठलीही शाळा वाईटच दिसते. आणि दुसरं कारण तुमच्या मुलाचे कान. गेलं वर्षभर तो ऐकतोय की ग्रामर मिळालं तर उत्तम, ‘नाहीतर मग’... त्या ‘नाहीतर मग’च्या पुढे घरात कुणीच काही बोलत नाही. तो त्या शाळेत जाऊन आला, तिथलं मैदान, ड्रामा स्टुडिओ, एखादे मजेशीर सायन्सचे सर पाहून आला, की त्याच्यापुरतं हे कोडं सुटतं. त्याला घेऊनच जा. तुमच्या यांनाही न्या, त्यांना जास्त गरज आहे.

आणखी एक गोष्ट ग्रुपवर सहसा बोलली जात नाही. ग्रामर शाळांच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे सोळाव्या वर्षी, जीसीएसईच्या ग्रेडवर बाहेरच्या मुलांनाही घेतात. अकराव्या वर्षी बंद झालेलं दार तिथे पुन्हा उघडतं. तोवर कदाचित त्याला तिकडे जावंसंही वाटणार नाही.

आता परीक्षा. बकिंगहॅमशरच्या सरकारी प्रायमरीतल्या मुलांची नावं आपोआप नोंदवली जातात आणि ती आपल्याच शाळेत परीक्षेला बसतात, तेव्हा ती धावपळ नाही. बसवायचंच नसेल तर तसं कळवता येतं. दोन पेपर, एकाच दिवशी, इयर सिक्स सुरू झाल्याझाल्या सप्टेंबरमध्ये. व्हर्बल, नॉन-व्हर्बल (आकृत्यांवरचे तर्काचे प्रश्न) आणि गणित, त्यात निम्मं वजन एकट्या व्हर्बलला. १२१ गुण मिळाले की मूल क्वालिफाय. हे १२१ टक्केवारीसारखे नसतात. मुलाचं वय धरून गुण बसवले जातात, त्यामुळे ऑगस्टचा जन्म ही तुमची काळजी इथपुरती कमी करा. परीक्षेच्या दिवशी त्याला दहा पूर्ण होऊन जेमतेम महिना झालेला असेल, आणि ते गुण देताना लक्षात घेतलं जातं. क्वालिफाय झालं म्हणजे हवी ती ग्रामर मिळाली असंही नाही. जागांपेक्षा मुलं जास्त झाली की कॅचमेंट (शाळेचा ठरलेला परिसर) आणि घराचं अंतर बघतात. ग्रुपमधले लोक घरं बदलतात ती यापायी.

बसवायचं की नाही? माझ्या मते बसवा, पण कुंपण घालून. सरावाचे नमुना पेपर फुकट मिळतात, ते उतरवून घ्या. एका निवांत शनिवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, घड्याळ न लावता, त्याला सोडवू द्या आणि शेजारी बसून बघा. प्रश्नाचा प्रकार कळला की गाडी पळते, की प्रत्येक ओळीला अडतो? शब्द अडतात की आकडे? पळत असेल तर आठवड्यातून दोनदा, अर्धा-पाऊण तास, तुम्ही दोघांपैकी एकानं बसायचं. उन्हाळ्यात घड्याळ लावून काही पेपर. एवढ्यानं होतं. यांना ऑफिसमुळे अजिबात वेळ नसेल किंवा बापलेकांचं अभ्यासावरून दर वेळी वाजत असेल, तर ट्यूटर लावा. बापानं शिकवून घरात महाभारत होण्यापेक्षा परक्या माणसाला पैसे दिलेले बरे. प्रत्येक ओळीला अडत असेल, तर मात्र आठ महिने रोज घासून त्याला १२१ च्या पलीकडे ढकलण्यात मला शहाणपण दिसत नाही. ढकललेल्या मुलाला पुढची सात वर्षं त्या वेगानं पळावं लागतं.

आणि कुंपण म्हणजे काय ते आधीच ठरवा. रविवारी संध्याकाळी पोट दुखायला लागलं, झोपताना हातात गोष्टीचं पुस्तक दिसेनासं झालं, फुटबॉल सोडावा लागला, की सराव थांबला. मग कुणी कितीही मॉक परीक्षांच्या लिंका पाठवो.

तो कुठे आहे हे ओळखायला शाळेची मदत होईल, आणि इथे तुमच्या बाईंच्या हसण्याकडे वळते. तुम्ही लिहिता, मार्क नाहीत. आहेत, फक्त कुणी हातात आणून देत नाही. गेल्या जूनमध्ये, इयर फोरला, तुमच्या मुलाची पाढ्यांची परीक्षा झाली: २५ प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद, बारापर्यंतचे पाढे. त्याचे गुण शाळेनं पालकांना कळवायचे असतात. उन्हाळ्यात आलेला वार्षिक अहवाल काढून बघा, मधल्या कुठल्यातरी ओळीत सापडतील. पुढच्या वर्षी मे महिन्यात सॅट्स, म्हणजे प्रायमरीच्या शेवटच्या देशभर होणाऱ्या चाचण्या, आहेत. वाचन, व्याकरण-स्पेलिंग आणि गणित यांचे गुण ८० ते १२० च्या पट्टीवर मिळतात आणि १०० म्हणजे अपेक्षित पातळी. लिखाण वर्गशिक्षक तपासतात. ‘अपेक्षित’ म्हणजे कसंबसं पास, असं आपल्याला वाटतं. पण २०२५ मध्ये वाचन, लिखाण आणि गणित तिन्हींत ती पातळी गाठणारी मुलं ६२ टक्के होती, म्हणजे बरीच मुलं तिथे पोचत नाहीत. तेव्हा अहवालात ‘एक्स्पेक्टेड’ दिसलं तर कपाळाला आठ्या घालू नका. त्यातही लक्षात ठेवा, या पातळ्या ठरवताना वय धरत नाहीत. सप्टेंबरात जन्मलेलं मूल आणि तुमचा मुलगा एकाच वर्गात, पण दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर. नवव्या वर्षी तेवढं अंतर हस्ताक्षरात दिसतं, गणितात दिसतं, जागेवर शांत बसण्यातही दिसतं.

पेरेंट्स इव्हिनिंगला पालक ‘कसा आहे तो?’ असं विचारतात आणि शिक्षक ‘छान आहे’ म्हणतात. इथल्या शिक्षकांना आईबापासमोर मुलाची उणीदुणी काढायची सवय नाही, आणि दहा मिनिटांत त्यांना कुणाला रडवायचंही नसतं. प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमकं येतं, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलंय. वाचनात, लिखाणात, गणितात तो अपेक्षित पातळीच्या वर आहे, बरोबर आहे की खाली? लिखाणात कशाला अडतो? त्याच्या लिखाणाची वही मी आत्ता बघू शकते का? (बघू देतात. त्यासाठीच वह्या बाहेर मांडून ठेवलेल्या असतात, आणि निम्मे पालक त्या उघडतही नाहीत.) घरी एकच गोष्ट करायची तर कोणती? आणि बकिंगहॅमशरमध्ये असल्यामुळे हेही बिनदिक्कत विचारा की या परीक्षेसाठी तो तयार वाटतो का. काही शिक्षक शाळेचं धोरण म्हणून उत्तर देणार नाहीत. पण चेहऱ्यावरून अंदाज येतो. पेरेंट्स इव्हिनिंगपर्यंत थांबायचीही गरज नाही, ऑफिसला ईमेल करून शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं मागा.

सासूबाईंना पुढच्या रविवारी पाढ्यांचे गुण सांगा. पंचविसांपैकी जे काही असतील ते. नंबर नसला तरी आकडा आहे, त्यावर आठवडा निघेल. आणि बारापर्यंतच येतात हे ऐकून त्या हबकल्या, तर तेराच्या पाढ्याचं खातं त्यांच्याकडेच द्या. तेर साती एक्याण्णव त्याच्याकडून म्हणून घ्यायला साताऱ्याहून व्हिडिओ कॉल पुरतो.

घरात इंग्रजीच बोला, हा सल्ला मात्र ट्यूटरला परत करा. व्हर्बलला शब्दसंग्रह लागतो हे त्याचं म्हणणं खरं, पण तो पुस्तकांतून येतो. आई भाजी चिरता चिरता इंग्रजीत रागावली म्हणून काही येत नाही. इंग्लंडमधल्या शाळांत पाचात एकाहून जास्त मुलांच्या घरची भाषा इंग्रजी नाही, त्यामुळे तुमच्या शाळेला यात काही नवल वाटणार नाही. दिवसातले सहा तास तो इंग्रजीत काढतो. उरलेल्या वेळात तुम्ही त्याच्याशी मराठीत भांडता, कारणं देता, गोष्टी सांगता, ‘असं का?’ला उत्तरं देता. विचार करायची सवय त्यातूनच लागते, मग भाषा कुठलीही असो. इंग्रजीसाठी लायब्ररीचं कार्ड काढा, ते फुकट आहे. दर शनिवारी त्याच्या आवडीची पुस्तकं, कुठलीही, आणि अधूनमधून एखादं त्याच्या वयाच्या जरा पुढचं, जे तुम्ही त्याला वाचून दाखवायचं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला स्वतः वाचता येतं म्हणून आपण त्याला वाचून दाखवणं बंद करतो, आणि नेमके अवघड शब्द तिथेच निसटतात. त्याला एखाद्या वाक्याचा अर्थ मराठीत सांगायला लावलात तर व्हर्बलचा याहून चांगला सराव मला माहीत नाही.

गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू या भाषांची इथे जीसीएसई देता येते, मराठीची नाही. म्हणजे मराठी टिकवून एखादी ग्रेड पदरात पडेल असं आमिष मी दाखवू शकत नाही. पण तुमचे हे खरंच साताऱ्याला परतायचं म्हणत असतील तर त्यांना आठवण करून द्या, की २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झालाय. घरातली मराठी बंद करून मुलाला तिकडे न्यायचं, हा कसला बेत?

परतायचंच असेल तर खुशाल परता, पण त्याचा निर्णय नोकरी, तिकडचे आईवडील आणि तुमचं दोघांचं मन बघून घ्या. दहा वर्षांच्या मुलाच्या दोन पेपरांवर दोन देशांचा फैसला टांगू नका. त्याच्यासमोर तर हा विषय बंदच ठेवा. नाहीतर आपण नापास झालो म्हणून सगळ्यांना सामान बांधावं लागलं, असं त्याच्या डोक्यात बसेल. प्रायव्हेटचंही तेच. १ जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅट लागतो. फी, गणवेश, बस, सहली असं मिळून वर्षाचा आकडा काढा, त्याला सातनं गुणा, दर वर्षी फी वाढते तेवढी त्यात धरा, आणि तो कागद यांच्यासमोर ठेवा. परवडत असेल आणि शाळा पाहून आवडली असेल तर जरूर घाला. पण शेजारची अपर स्कूल न बघताच तिच्या धास्तीनं एवढे पैसे ओतू नका.

अर्जाविषयी एवढंच, की तो काउन्सिलच्या संकेतस्थळावर भरायचा आणि शाळांची नावं खरोखर जशी आवडतील त्याच क्रमानं लिहायची. तुम्ही कुणाला कितवं ठेवलंय हे शाळांना दिसत नाही, त्यामुळे त्यात डावपेच काही चालत नाहीत. अंतरानं नक्की मिळेल अशी एक तरी शाळा यादीत ठेवा. १ मार्चला, किंवा त्या दिवशी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी, ऑफर येते. गुण थोडक्यात हुकले आणि शाळेतली त्याची प्रगती खरंच वेगळं सांगत असेल, तर हेड टीचरांच्या पुराव्यानिशी निकालाचा फेरविचार मागता येतो. हवी ती शाळा मिळाली नाही तर अपीलही करता येतं. पण फक्त ‘आम्हाला वाटतं तो हुशार आहे’ एवढ्यावर जाऊ नका. निकालाचे गुण ग्रुपवर टाकू नका, कुणी विचारले तरी सांगू नका. चांगले असले तरीही.

लग्नाचं राहिलं. तुमच्या ग्रुपमध्ये ‘आजारी आहे म्हणून कळवा’ असं कुणीतरी सांगेलच. ते करू नका. परत आल्यावर पहिल्याच सकाळी मेंदीच्या हातानं तुमचा मुलगा वर्गाला वरातीतल्या घोड्याची गोष्ट सांगणार आहे. हेड टीचर ‘अपवादात्मक परिस्थिती’ असेल तरच रजा मंजूर करू शकतात, आणि सख्ख्या मावशीचं लग्न त्यात बसवायचं की नाही हे त्यांच्याच हातात. काही जण लग्नाचा एक-दोन दिवस देतात, दोन आठवडे सहसा कुणी देत नाही. दहा शाळेच्या आठवड्यांत पाच दिवस विनापरवानगी बुडाले की दंडाचा विचार शाळेला करावाच लागतो. ऑगस्ट २०२४ पासूनचे दर असे: प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड, २१ दिवसांत भरले तर, नाहीतर १६०. म्हणजे तुम्हा दोघांचे मिळून १६०. तीन वर्षांत दुसऱ्यांदा झालं तर प्रत्येकी थेट १६०, आणि तिसऱ्यांदा प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. आईल ऑफ वाइटचे एक वडील सुट्टीवरून झालेला असा दंड भरायला नकार देऊन सुप्रीम कोर्टापर्यंत लढले आणि २०१७ मध्ये हरले, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नाही.

मी असते तर मुलाला चार दिवसांसाठी नेलं असतं, शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडे जोडून. हळद, लग्न, पूजा एवढं त्यात बसतं, जेट लॅग तेवढा सोसायचा. तुम्हाला बहिणीकडे आधीपासून राहायचं असेल तर तुम्ही पुढे व्हा, बापलेक मागून येतील. हेड टीचरांना पत्र लिहा, त्यात लग्नाची तारीख, तुमचं नातं आणि नेमके किती दिवस हवेत ते द्या, पत्रिका छापली असेल तर सोबत जोडा. आणि हे सगळं तिकिटं काढायच्या आधी करा. काढून झाल्यावर आलेला अर्ज हेड टीचर वेगळ्या नजरेनं वाचतात.